हृदयाच्या पिशवीला टाके
(डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स)

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी छातीत सुरी लागली की डॉक्टर फारसे काही करू शकत नसत. जखम बांधायची, रुग्णाला शांत झोपवून ठेवायचे आणि वाट पाहायची. अशा काळात शिकागोतल्या एका डॉक्टरांनी छाती उघडून रुग्णाला वाचवले. त्यांचीच ही गोष्ट.

डॅनिएलचा जन्म 18 जानेवारी 1856 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हॉलिडेजबर्ग गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील न्हाव्याचा धंदा करीत. डॅनिएल लहान असतानाच ते क्षयाने गेले आणि घराची घडी विसकटली. आईने त्याला बाल्टिमोरला बूट शिवण्याचे काम शिकायला ठेवले. तिथे त्याचे मन रमले नाही. पुढे विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावी तो केशकर्तनाचे काम करू लागला. त्याच गावात डॉ. हेन्री पामर नावाचे नामांकित सर्जन होते. त्यांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि 1883 मध्ये शिकागो मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला.

पदवी मिळाली, पण दारे बंदच होती. त्या वेळी कृष्णवर्णीय डॉक्टरांना रुग्णालयात जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते. रुग्णाच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावरसुद्धा शस्त्रक्रिया कराव्या लागत. अशातच एमा रेनॉल्ड्स नावाची तरुणी परिचारिका व्हायचे म्हणून शिकागोला आली. केवळ वर्णामुळे तिला एकाही शाळेने प्रवेश दिला नाही. तिचे भाऊ धर्मोपदेशक होते. त्यांनी विल्यम्स यांची मदत मागितली.

विल्यम्स यांनी एका मुलीसाठी कुठे शब्द टाकण्याऐवजी नवे रुग्णालयच काढायचे ठरवले. लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि 1891 मध्ये प्रॉव्हिडंट रुग्णालय सुरू झाले. खाटा अवघ्या बारा. सोबत परिचारिकांची शाळा. इथे गोरे आणि काळे डॉक्टर एकत्र काम करीत आणि रुग्णही दोन्ही वर्णांचे येत. शाळेच्या पहिल्या तुकडीत एमा होती.

9 जुलै 1893 रोजी जेम्स कॉर्निश नावाच्या तरुणाला याच रुग्णालयात आणले. भांडणात त्याच्या छातीत सुरी खुपसली होती. बाहेरून जखम लहान दिसत होती, पण रात्रीतून त्याची प्रकृती ढासळत गेली. तेव्हा क्ष-किरण नव्हते, रक्तगटांचा शोध लागला नव्हता, प्रतिजैविकेही नव्हती. आत काय झाले आहे हे पाहायचे तर छाती उघडणे हाच मार्ग होता.

इथे थोडे शास्त्र समजून घेऊ. आपले हृदय एका पातळ पण चिवट पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. हृदयाला भोक पडून या पिशवीत रक्त साचले, तर हृदय चहूबाजूंनी दाबले जाते. पंप चालू असतो, पण त्यात रक्त भरायला जागाच राहत नाही. म्हणून अशा जखमेत थोडेसे रक्तही जीव घेऊ शकते.

दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांनी बरगडीजवळून छाती उघडली. आतली एक रक्तवाहिनी फाटली होती, ती त्यांनी बांधली. हृदयावरणाला चीर पडली होती आणि खुद्द हृदयावर एक बारीक जखम होती. तिच्यातून रक्त येत नव्हते, म्हणून तिला त्यांनी हात लावला नाही. मग धडधडणाऱ्या हृदयाबरोबर वरखाली होणाऱ्या त्या पिशवीच्या कडा चिमट्याने धरून, आतड्याच्या तंतूंपासून केलेल्या धाग्याने टाके घातले. पुढे छातीत साठलेले पाणी काढावे लागले, पण 51 दिवसांनी कॉर्निश आपल्या पायांनी घरी गेला आणि त्यानंतर अनेक वर्षे जगला.

जगातली पहिली हृदयशस्त्रक्रिया विल्यम्स यांनी केली असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते तितकेसे बरोबर नाही. सेंट लुईसच्या डॉ. हेन्री डाल्टन यांनी 1891 मध्येच हृदयावरणाला टाके घातले होते. प्रत्यक्ष हृदयाच्या जखमेला टाके घालून रुग्ण वाचवण्याचे पहिले यश फ्रँकफुर्टच्या डॉ. लुडविग रेन यांना 1896 मध्ये मिळाले. पण म्हणून विल्यम्स यांचे मोठेपण कमी होत नाही. ते रुग्णालय उभे राहिले नसते, तर त्या दिवशी त्यांना शस्त्रक्रियेचे टेबल कोणी दिले असते?

1894 मध्ये ते वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स रुग्णालयाचे मुख्य सर्जन झाले. कृष्णवर्णीय डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना 1895 मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 1913 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स स्थापन झाले, तेव्हा संस्थापक सदस्यांत ते एकटेच कृष्णवर्णीय होते. 4 ऑगस्ट 1931 रोजी मिशिगनमधल्या आयडलवाइल्ड येथे त्यांचे निधन झाले.

प्रॉव्हिडंट रुग्णालय 1987 मध्ये बंद पडले, पण 1993 मध्ये कुक काउंटीने ते पुन्हा सुरू केले. शिकागोला गेलात तर आई-बाबांना ते दाखवायला सांगा, आणि एका मुलीला प्रवेश नाकारला गेला म्हणून ते उभे राहिले, हे तुम्ही त्यांना सांगा.