रॉबर्ट हूक आणि त्यांचा सूक्ष्मदर्शी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचे एक बेट आहे. या बेटावरील फ्रेशवॉटर या गावी १८ जुलै १६३५ रोजी रॉबर्ट हूक यांचा जन्म झाला. त्यांचे वडील तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. लहानपणी रॉबर्टची प्रकृती फार नाजूक असे. डोकेदुखीमुळे त्याचा अभ्यास वारंवार मागे पडे, म्हणून वडिलांनी त्याला त्याच्या मनाप्रमाणे वेळ घालवू दिला. एकदा सुटे केलेले पितळी घड्याळ त्याच्या पाहण्यात आले. त्याने तसेच लाकडाचे घड्याळ तयार केले आणि ते चाललेही! हातांचे हे कसब हीच पुढे त्यांची खरी पुंजी ठरली.

तेराव्या वर्षी पितृछत्र हरपल्यावर रॉबर्ट लंडनला आला. चित्रकार पीटर लेली यांच्याकडे तो काही काळ शिकला. परंतु रंगांचा उग्र वास त्याला सोसवेना. मग वेस्टमिन्स्टर येथील शाळा आणि त्यानंतर ऑक्सफर्ड असा त्याचा प्रवास झाला. ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाचे साहाय्यक म्हणून हूक यांनी हवा काढून घेणारा पंप तयार केला. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना प्रयोगांचे प्रमुख नेमले. सोसायटीच्या सभांमध्ये सतत नवे प्रयोग करून दाखविणे हे त्यांचे काम होते.

याच काळात त्यांनी संयुक्त सूक्ष्मदर्शीतून निरीक्षणे केली. ‘मायक्रोग्राफिया’ हा त्यांचा सचित्र ग्रंथ १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती.

‘संयुक्त’ म्हणजे एकाहून अधिक भिंगे जोडून केलेला. हूक यांच्या सूक्ष्मदर्शीची नळी सुमारे सहा-सात इंच लांब होती आणि गरजेप्रमाणे ती ओढून वाढविता येई. नळीच्या खालच्या टोकाला, म्हणजे पाहावयाच्या वस्तूजवळ, एक छोटे भिंग होते. त्याला वस्तुभिंग म्हणतात. ते वस्तूची मोठी व उलटी प्रतिमा नळीत तयार करते. वरच्या टोकाला डोळ्याजवळ दुसरे भिंग असते, ती नेत्रिका. नळीतील प्रतिमा नेत्रिका आणखी मोठी करून दाखविते. म्हणूनच नेत्रिका दहा पट आणि वस्तुभिंग चाळीस पट मोठे करणारे असेल, तर वस्तू चारशे पट मोठी दिसते. हूक यांच्या नळीत मध्यभागी तिसरेही भिंग बसविता येई. त्यामुळे एका वेळी वस्तूचा अधिक भाग दिसे. मात्र बारकाईने पाहावयाचे असले की ते हे भिंग काढून ठेवीत. जितकी भिंगे कमी, तितकी प्रतिमा स्वच्छ, हा त्यांचा अनुभव होता.

भिंगांइतकीच अडचण उजेडाची होती. वस्तू जितकी मोठी करून पाहावी, तितकी ती अंधूक दिसते. यावर हूक यांनी साधा उपाय योजला. तेलाच्या दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून आणि त्यापुढे एक भिंग धरून ते सर्व प्रकाश वस्तूवर एकवटत. आजच्या शाळेतील सूक्ष्मदर्शीत बहुधा हा प्रकाश आरशाच्या किंवा दिव्याच्या साहाय्याने खालून, मंचाच्या छिद्रातून येतो. त्यामुळे काचपट्टीवरील वस्तू प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ असावी लागते. पाहणाऱ्याने आधी कमी शक्तीचे वस्तुभिंग लावावे. बाजूने नजर ठेवून, मोठा स्क्रू फिरवून वस्तुभिंग व काचपट्टी जवळ आणावीत. मग नेत्रिकेतून पाहत त्यांतील अंतर सावकाश वाढवावे आणि शेवटी बारीक स्क्रूने प्रतिमा स्पष्ट करावी. नेत्रिकेतून पाहतानाच भिंग खाली नेले, तर काचपट्टी फुटण्याचा धोका असतो. हूक यांना असे दोन स्क्रू उपलब्ध नव्हते. नळीच्या टोकाचे आटे फिरवूनच ते अंतर जुळवीत.

ग्रंथाचा आरंभ त्यांनी सुईच्या टोकापासून केला. डोळ्यांना टोकदार वाटणारी सुई भिंगाखाली बोथट आणि खडबडीत दिसली. मुंगी काही केल्या स्थिर राहीना, तेव्हा त्यांनी तिला ब्रँडीत बुडविले. बराच वेळ निपचित पडून ती पुन्हा चालू लागली. तोवर तिचे चित्र काढून झाले होते.

माशीच्या डोळ्याने मात्र त्यांना चांगलेच कोड्यात टाकले. एका प्रकाशात तो भोके पाडलेल्या जाळीसारखा दिसे, तर उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा. प्रकाशाची दिशा बदलली की आकारही बदले. यांतील खरे रूप कोणते? म्हणून प्रत्येक वस्तू निरनिराळ्या बाजूंनी व निरनिराळ्या प्रकाशांत पाहून, खात्री पटल्याखेरीज चित्र काढावयाचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. त्यांच्या चित्रांचे मोल या नियमात आहे.

बुचाच्या लाकडाचा पातळ काप त्यांनी धारदार चाकूने काढला. तो पांढरा असल्याने त्यांनी तो काळ्या पट्टीवर ठेवला. मधाच्या पोळ्यासारखे असंख्य रिकामे कप्पे दिसले. एका इंचाच्या अठराव्या भागात त्यांनी सुमारे साठ कप्पे मोजले. त्यावरून एका घन इंचात एक अब्जाहून अधिक कप्पे असतील, असा हिशेब मांडला. या कप्प्यांना त्यांनी ‘सेल’ म्हणजे छोटी खोली असे नाव दिले. मराठीत आपण त्याला पेशी म्हणतो. सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे सिद्ध व्हायला १८३८-३९ साल उजाडले.

१६७६ मध्ये हॉलंडमधील कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी पाण्यात अतिसूक्ष्म जीव दिसल्याचे कळविले. (दोघांच्या नावांतील साम्य केवळ योगायोगाचे.) लेव्हेनहूक एकाच भिंगाचा उपकरण वापरीत आणि आपली रीत गुप्त ठेवीत. साहजिकच अनेकांना शंका आली. पडताळणीचे काम हूक यांच्याकडे आले. पहिल्या प्रयत्नांत त्यांना काहीच दिसले नाही. तरीही लेव्हेनहूक यांना खोटे न ठरविता त्यांनी आपलेच साधन सुधारले. केसासारख्या बारीक काचनळ्या बनविल्या. नोव्हेंबर १६७७ मध्ये मिरी भिजविलेल्या पाण्यात हालचाल करणारे जीव त्यांनी सोसायटीच्या सभासदांना दाखविले. एका परक्या व्यापाऱ्याची सचोटी त्या दिवशी सिद्ध झाली.

स्वतः हूक मात्र श्रेयाच्या वादांत सापडले. प्रकाशाच्या स्वरूपावरून व पुढे गुरुत्वाकर्षणावरून न्यूटन यांच्याशी त्यांचे कायमचे वितुष्ट आले. हूक यांचा स्वभावही संशयी होता, हे मान्य करावे लागेल. ३ मार्च १७०३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूक यांचे खात्रीचे एकही चित्र आज उपलब्ध नाही. ते न्यूटन यांनी नष्ट केले असे सांगतात, पण त्यास पुरावा नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील एका घराच्या कपाटात पाचशेहून अधिक पानांचे एक हस्तलिखित सापडले. सोसायटीच्या जुन्या सभांच्या त्या नोंदी हूक यांच्या हस्ताक्षरातील होत्या. आता ते हस्तलिखित रॉयल सोसायटीच्या संग्रहात आहे.