संकलक वसंत मून

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांपर्यंत बुद्धविहारांतून फिरताना एक गोष्ट आम्हाला नेहमी दिसते. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बाजूला एक काचेचे कपाट असते. त्यात महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचे जाडजूड खंड उभे असतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन्‌तास रांगेत उभे राहून कुणी ते विकत घेतलेले असतात आणि पिशवीत घालून, लोकलच्या गर्दीत छातीशी धरून घरी आणलेले असतात. घरात एक वेळची भाजी कमी झाली तरी चालेल, पण खंड हवा, अशी ही माणसे आहेत.

अशाच एका विहारात आम्ही तिथल्या मुलांना विचारले की हे खंड कोणी तयार केले? बाबासाहेबांनी, असे उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिले. उत्तर बरोबर होते आणि अपुरेही होते. लिहिले बाबासाहेबांनीच. पण बाबासाहेब गेले १९५६ साली आणि पहिला खंड निघाला १४ एप्रिल १९७९ रोजी. या तेवीस वर्षांत त्यांचे कागद कुठे होते, कोणी जपले, कोणी लावले, कोणी छापले? पहिल्या खंडाचे मुखपान उलटले तर आतल्या पानावर एक नाव सापडते. त्या नावाआधी संकलक या अर्थाचा एकच साधा इंग्रजी शब्द आहे. ते नाव वसंत मून.

वसंत मून यांचा जन्म १९३२ सालचा, नागपूरचा. सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यात ते वाढले. वडिलांचा आधार नव्हता. आईने मोलमजुरी करून लेकरे वाढवली. उपासमार, फाटके कपडे आणि शाळेची ओढ, हे आपल्या घराघरांतले चित्र त्यांच्याही घरात होते. पण ती वस्ती नुसती गरीब नव्हती, ती जागी होती. समता सैनिक दलाच्या शाखा तिथे भरत. पोरे कवायत करीत, गाणी म्हणत, बाबासाहेबांच्या सभेची वाट पाहत. मून त्या दलाचे सैनिक झाले. शिस्त त्यांनी तिथे घेतली आणि ती पुढे जन्मभर कागदावर वापरली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

शिकून ते महसूल खात्यात नोकरीला लागले आणि उपजिल्हाधिकाऱ्याच्या पदापर्यंत चढले. महसूल खात्यातल्या माणसाला जुने दफ्तर वाचायची सवय असते. कुठला कागद आधीचा, कुठला नंतरचा, कुठे खाडाखोड आहे, कुठे सही नाही, हे तो पाहतो. नोकरीच्या धामधुमीतही मून चळवळीचे जुने अंक, पत्रके, पत्रे गोळा करीत राहिले. बाबासाहेबांच्या आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात अस्पृश्यांची चळवळ कशी उभी राहिली, हा दुर्लक्षित इतिहासही त्यांनी लिहिला.

महाराष्ट्र शासनाने १९७६ साली बाबासाहेबांच्या चरित्रसाधनांच्या प्रकाशनासाठी समिती नेमली. पुढे मून तिथे विशेष कार्याधिकारी म्हणून आले. मंत्रालयासमोरच्या बराकीत या समितीचे कार्यालय होते. तिथून पहिला खंड निघाला. त्यात जातिसंस्थेवरचा १९१६ सालचा निबंध होता, जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण होते, भाषावार प्रांतरचनेवरचे लेखन होते. हे सगळे पूर्वी छापलेले, पण बाजारातून नाहीसे झालेले. संपादकाचे पहिले काम सोपे वाटते, ते म्हणजे शोधणे. कुणाच्या घरी जुनी प्रत आहे, कुठल्या ग्रंथालयात विधिमंडळाचे अहवाल आहेत, याचा माग काढणे. दुसरा खंड १९८२ साली निघाला, तो विधिमंडळातल्या भाषणांचा. अहवालांच्या ढिगातून एकेक भाषण वेचून काढायचे, तेव्हा असा खंड होतो.

खरी कसोटी पुढे होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित कागद कोर्टाच्या ताब्यात गेले होते. आधी दिल्लीत, नंतर महाराष्ट्राच्या प्रशासक महाअधिकाऱ्यांकडे. पेट्या बंद आणि वर्षे चाललेली. कागदाला वाळवी कोर्टाची तारीख पाहून लागत नाही. नागपूरच्या एका वकिलाने उच्च न्यायालयात धाव घेतली. हे लेखन राष्ट्राचे आहे, मला छापू द्या नाहीतर सरकारला छापायला सांगा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या निमित्ताने हालचाल झाली, वारसांची संमती मिळाली आणि पेट्या उघडल्या. मिलिंद महाविद्यालयाचे माजी प्राचार्य म. भि. चिटणीस प्रकृती साथ देत नसतानाही कागद तपासायला तासन्‌तास बसले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याकडूनही काही टंकलिखिते मिळाली. या सगळ्या कागदांच्या मध्यभागी मून होते.

पेटीत तयार पुस्तक नसते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. बाबासाहेब एका वेळी अनेक ग्रंथ लिहीत. मजकूर टंकलिखित होई, त्याच्या कार्बन प्रती निघत. मग ते शाईने त्यात दुरुस्त्या करीत, पाने काढीत, नवी घालीत. एकाच प्रकरणाच्या दोन-तीन प्रती, एकीत एक दुरुस्ती, दुसरीत दुसरी. कुठे अवतरणासाठी मोकळी जागा सोडलेली, ती भरायची राहून गेलेली. कुठे शेवटचे वाक्य अर्ध्यावर थांबलेले. अशा कागदांसमोर संपादकाला मोह होतो. मोकळी जागा आपण भरावी, अर्धे वाक्य पुरे करावे, विस्कळीत प्रकरण सुबक करावे. वाचकाला कळणारही नाही.

मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मोह टाळला. जागा रिकामी होती तिथे ती रिकामी आहे असे छापले. प्रकरण अपुरे होते तिथे अपुरे आहे असे सांगितले. प्रकरणाच्या आरंभी टीप घातली की किती पाने मिळाली, टंकलिखित आहेत की हस्तलिखित, दुरुस्त्या कुणाच्या अक्षरात आहेत. १९८७ साली निघालेला तिसरा खंड काढून पाहा. प्राचीन भारतातल्या क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचे ते अपुरे लेखन आहे. आज देशभरचे अभ्यासक त्यावर विसंबतात, याचे कारण त्या छोट्या टिपा आहेत. कुठे बाबासाहेब बोलतात आणि कुठे संपादक, यातली रेघ तिथे पुसलेली नाही.

त्याच वर्षी चौथा खंड आला, हिंदू धर्मातल्या कोड्यांचा. त्याच्या शेवटी राम आणि कृष्ण यांच्यावरचे प्रकरण होते. त्या प्रकरणाखालची संपादकीय टीप प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचावी. हे प्रकरण ४९ पानांचे आहे, एका लेखासोबत एका फाइलीत सापडले, त्यावर बाबासाहेबांच्या अक्षरातली एकही दुरुस्ती नाही आणि अनुक्रमणिकेत त्याचे नाव नाही, म्हणून ते परिशिष्ट म्हणून घेतले आहे, असा तिचा आशय. खरे ते सगळे सांगितले. गैरसोयीचे होते तेही सांगितले.

आणि मग वादळ उठले. एका मोठ्या मराठी दैनिकातल्या लेखाने ठिणगी पडली. शिवसेनेने परिशिष्ट काढण्याची मागणी केली, मोर्चे निघाले, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. सरकार डगमगले आणि परिशिष्ट वगळण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्याला उत्तर मिळाले ५ फेब्रुवारी १९८८ रोजी. महाराष्ट्रातून लाखोंचा निळा जनसागर मुंबईच्या रस्त्यावर उतरला. आमच्या उपनगरांतल्या वस्त्यांतूनही घरटी माणसे गेली. अनेकांनी तो इंग्रजी खंड वाचलेला नव्हता, अनेकांना वाचताच येत नव्हते. पण बाबासाहेबांच्या लेखनातला एक शब्दही कुणी कापायचा नाही, एवढे त्यांना नेमके कळत होते. शेवटी तडजोड झाली. परिशिष्ट राहिले आणि त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी ओळ त्याखाली आली. ती ओळ आजही तिथे आहे. आमच्या मते ती असू द्यावी. शब्द बाबासाहेबांचे, असहमती शासनाची, दोन्ही वेगवेगळे छापलेले. निदान मजकुरावर कात्री चालली नाही.

या लढ्याचे श्रेय रस्त्यावर उतरलेल्या जनतेचे आहे, नेत्यांचे आहे. पण जनता ज्या पानांसाठी लढली ती पाने आधी कुणीतरी फाइलीतून बाहेर काढली होती. काढणारा माणूस सरकारी नोकर होता. ते प्रकरण अनुक्रमणिकेत नाही, एवढे कारण पुढे करून त्याला ते फाइलीतच ठेवता आले असते. कुणी जाबही विचारला नसता. त्याने तसे केले नाही.

त्यानंतरही काम थांबले नाही. शूद्र आणि अस्पृश्य यांच्यावरचे ग्रंथ १९९० साली, बुद्ध आणि त्यांचा धम्म १९९२ साली, हिंदू कोड बिलावरचे दोन भाग १९९५ साली, पाली व्याकरण आणि कोश १९९८ साली. मूकनायक आणि बहिष्कृत भारत यांचे अंकही पुन्हा छापून आले. १९७९ ते १९९८ या काळात सोळा खंड. दोन दशके एक माणूस दुसऱ्याच्या वाक्यांची प्रुफे वाचीत होता. हा धंदा म्हणून पाहिला तर तोट्याचा. संपादकाला मानधनाची थैली नाही, हारतुरे नाहीत, व्यासपीठावर खुर्ची नाही. चूक राहिली तर शिवी संपादकाला आणि पुस्तक गाजले तर टाळी लेखकाला. खंडांत छपाईचे दोष राहिले, काही ठिकाणच्या मांडणीवर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. ते घेतलेच पाहिजेत. पण आक्षेप घ्यायला आधी छापलेले पान हातात यावे लागते.

१९९५ साली मून यांनी स्वतःचे पुस्तक लिहिले, वस्ती. गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीत नेले आणि २००१ साली ते परदेशी वाचकांपर्यंत पोहोचले. नावावरूनच माणूस कळतो. आत्मचरित्राला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, महारपुऱ्याचे दिले. त्यात ते स्वतः मागे राहतात आणि शेजारीपाजारी, पहिलवान, कार्यकर्ते, दलाचे सैनिक पुढे येतात. तिथेही ते संकलकच राहिले. २००२ साली त्यांचे निधन झाले. पुढचे खंड हरी नरके आणि इतरांनी संपादित केले.

आता थोडे आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त आम्ही उपनगरातल्या एका छापखान्यात स्मरणिका छापायला दिली. प्रुफे वाचायला वेळ नव्हता, जाहिराती गोळा करायला मात्र होता. छापून आली तेव्हा बाबासाहेबांच्या एका उताऱ्यातला नाही हा शब्दच गळला होता आणि अर्थ उलटा झाला होता. हजार प्रती वाटून झाल्यावर ते लक्षात आले. छापखान्याला दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो, पण दोष आमचा होता. एका शब्दाची किंमत आम्हाला त्या दिवशी कळली. मून यांनी ती वीस वर्षे, हजारो पानांवर मोजली होती.

आज आपल्या वस्त्यांतली मुले डीटीपी करतात, पुस्तके छापतात, स्वतःच्या प्रकाशन संस्था चालवतात. कवी आहेत, वक्ते आहेत, गायक तर घरोघरी आहेत. पण संपादक किती? प्रत ताडून पाहणारा, तारीख तपासणारा, बाबासाहेबांच्या नावावर खपवलेले बनावट वाक्य पाहताच मूळ खंड उघडणारा किती? मोबाइलवर बाबासाहेबांच्या नावाने दररोज अशी वाक्ये फिरतात आणि आपणच जयभीम लिहून ती पुढे ढकलतो. विरोधकाने कात्री लावली तर आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. आपल्याच हातून भर घातली जाते तेव्हा मात्र कुणी मोर्चा काढत नाही.

शासनाच्या भरवशावरही फार राहता येत नाही. २०२१ साली या प्रकाशनाचे काम रखडल्याची बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बराकीतले कार्यालय असून चालत नाही, त्यात कामाला वाहून घेतलेला माणूस बसावा लागतो.

म्हणून आमची विहारांना एक सूचना आहे. कपाटाची किल्ली मुलांच्या हातात द्या. महिन्यातल्या एका रविवारी चौथा खंड काढा, ती ४९ पानांवरची टीप मोठ्याने वाचा आणि मुलांना सांगा की संपादन कसे करायचे असते. मग पहिल्या खंडाचे आतले पान उघडून त्यांना ते नाव दाखवा. पुढच्या वेळी कुणी विचारले की हे खंड कोणी तयार केले, तर बाबासाहेबांच्या नावामागून वसंत मून हे नावही त्यांच्या तोंडून आले पाहिजे.