सुश्रुताचा नववा अध्याय

शल्यतंत्राचा जनक म्हणून सुश्रुताचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कापलेले नाक नव्याने घडविणारा प्राचीन वैद्य एवढी त्याची ओळख पाठ्यपुस्तकांनी रुजविली आहे, आणि अभिमानाच्या भाषणांना तेवढी पुरतेही. परंतु या पुरुषाचे थोरपण जेथे खऱ्या अर्थाने प्रकट होते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शस्त्र कसे चालवावे हे सांगणारे जगात अनेक झाले. शस्त्र प्रथमच हाती घेणाऱ्या शिष्याची पहिली चूक कोणाच्या देहावर व्हावी, हा अवघड प्रश्न सुश्रुताने विचारात घेतला आणि ती कोणाही रुग्णाच्या देहावर होऊ नये, अशी व्यवस्था करून ठेवली.

त्याच्या चरित्राचे धागे त्याच्या संहितेतच गुंफलेले आहेत. तो विश्वामित्राचा पुत्र. धन्वंतरीचा अवतार मानला गेलेला काशिराज दिवोदास आश्रमात राहत असता औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत आदी सहाध्यायांसह सुश्रुत त्याच्याकडे विद्येसाठी गेला. सर्वांच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम सहाध्यायांनी त्याच्यावर सोपविले, आणि त्या प्रश्नोत्तरांतूनच संहिता उभी राहिली. काही विद्वान त्याचा काळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाइतका मागे नेतात, तर काही ग्रंथाची घडण त्यानंतरच्या कित्येक शतकांत झाली असे मानतात. ग्रंथात पुढे भर पडत गेली याविषयी मात्र फारसा वाद नाही.

या गुरुकुलातील शिक्षणाची शिस्त कडक होती. शरीर जाणावयाचे तर ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे, म्हणून शव गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून संथ पाण्यात आडोशाला सात रात्री मुरवावे आणि नंतर वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर उलगडून पाहावा, अशी रीत संहितेने घालून दिली. शंभरावर यंत्रे आणि वीस शस्त्रे वर्णिताना हात हेच सर्वांत श्रेष्ठ यंत्र होय, असेही तिने बजावले. तो हात तयार कसा व्हावा, याचे उत्तर सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात आहे. या अभ्यासाला सुश्रुताने ‘योग्या’ असे नाव दिले आहे.

या अध्यायातील सामग्री पाहिली की एखाद्या आठवडी बाजाराची आठवण व्हावी. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर करावयाचा. भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पिशवी, खरवडण्यासाठी केसाळ कातडे, शलाकेने शोध घेण्यासाठी किडलेले लाकूड किंवा पोकळ बांबू. शिवणकाम जाड व पातळ कापडाच्या काठांवर, तर पट्टी बांधण्याचा अभ्यास माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. आणि शीर वेधण्यासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. बाहेरून मऊ, आतून पोकळ आणि बोटाखाली निसटणाऱ्या देठात शस्त्राचे टोक नेमके किती जाऊ द्यावे, हे शिष्याने आधी तळ्याकाठी शिकावे, मग रुग्णाच्या शय्येजवळ यावे.

रक्तवाहिन्यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष होती, त्यालाही कारण आहे. सुश्रुताने सातशे शिरा मोजल्या आणि त्यांतील अठ्ठ्याण्णव शिरांना शस्त्र लावण्यास मनाई केली. चुकीच्या वेधाचे वीस प्रकार त्याने नोंदविले. शिरा स्वभावतःच चंचल असून माशाप्रमाणे हातून निसटतात, म्हणून त्यांच्या बाबतीत पुरता निष्णात असा कोणीच नसतो, असा कबुलीजबाबही त्याने दिला. ज्याने कधी रुग्णाच्या हातात सुई घातली आहे, त्याला या निरीक्षणाची सत्यता पटल्याशिवाय राहणार नाही. स्वतःच्या विद्येची मर्यादा इतक्या मोकळेपणाने सांगणारा आचार्यच शिष्याकडून सरावाची अपेक्षा करू शकतो.

केवळ ग्रंथ जाणणारा वा केवळ क्रिया जाणणारा वैद्य म्हणजे एका पंखाचा पक्षी, हीदेखील सुश्रुताचीच उपमा. पुढे नेमके हेच घडले. ग्रंथ आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास बगदादेत अरबीत गेला, पाठशाळांत पाठ होत राहिला, पण शस्त्र वैद्यांच्या हातून निसटले. ते उरले कारागिरांकडे. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. त्याला पुण्यात परंपरेने हे काम करणाऱ्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून नवे नाक करून दिले. शस्त्र लावण्यापूर्वी मेणाच्या पातळ पत्र्यावर नाकाचा आकार घेऊन तो कपाळावर आखला गेला होता. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने तो वृत्तांत छापला आणि १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने तीच रीत आपल्या देशात अवलंबिली. दोन्ही पंख पुन्हा एकत्र आले ते कलकत्त्यात. सुश्रुतसंहितेचे अध्यापन व संपादन करणाऱ्या मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन केले.

आज रक्तवाहिन्यांवरील उपचार सुश्रुताच्या कल्पनेपलीकडे गेले आहेत. मांडीतून घातलेली नळी हृदयापर्यंत वा मेंदूपर्यंत नेता येते, आणि तिचा सराव रबरी शिरांवर व संगणकीय प्रतिकृतींवर करता येतो. अमेरिकेत २००४ मध्ये मानेतील रोहिणीत जाळी बसविण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा डॉक्टरांच्या आवश्यक प्रशिक्षणात अशा प्रतिकृतीवरील सरावाचाही समावेश झाला. भारतातही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या निकषांनी वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली. योग्येचा अध्याय असा नव्या वेषात परतला, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु तो कोठवर पोहोचावयाचा, हा खरा प्रश्न आहे. गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत सालेकसा तालुका आहे. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा रुग्णाला वारंवार सलाईन लागते, रक्त द्यावे व तपासावे लागते, आणि दर खेपेला शीर सापडणे अधिक कठीण होत जाते. वेदनेने कळवळणाऱ्या एखाद्या गोंड बालकाच्या मनगटावर शिकाऊ हाताने तीन-चारदा सुई टोचावी आणि आईने मुकाट पाहत राहावे, हे दृश्य दुर्गम भागात कोठेही संभवते. शहरातील सुशिक्षित रुग्ण अनुभवी डॉक्टरांची मागणी करू शकतो. रानातून पायपीट करून आलेल्या मजुराला ती मागणी करता येते, हेच माहीत नसते. म्हणून नवशिक्याच्या चुकांचा भार त्याच्यावरच अधिक पडतो.

यावर खर्चाची सबब सांगितली जाईल. संगणकीय यंत्रे महाग आहेत, हे खरेच. पण सुश्रुताने सांगितलेली एकही वस्तू महाग नव्हती. साध्या रबरी नळ्यांचा कृत्रिम हात ग्रामीण रुग्णालयालाही परवडावा. लागतो तो वेळ आणि शेजारी उभा राहून चूक दाखविणारा गुरू. प्रतिकृतीला वेदना नसते, भय नसते, म्हणून तिच्यावरचा सराव पुरेसा नाही, हा आक्षेपही योग्य आहे. तथापि पुरेसा नसणे म्हणजे अनावश्यक असणे नव्हे. पोहणे नदीतच शिकावे लागते, तरी कोणी मुलाला प्रथम पुरात ढकलीत नाही.

राजाची अनुज्ञा मिळाल्यावाचून वैद्याने व्यवसायात उतरू नये आणि अडाणी वैद्य मोकळा फिरत असेल तर तो राजाचा दोष, असे सुश्रुताचे मत होते. राजा गेला, त्याच्या जागी शासन आले. जबाबदारी तीच राहिली. डॉक्टर असो वा परिचारिका, प्रतिकृतीवर हात पारखून घेतल्यावाचून रुग्णाच्या शिरेला सुई लावण्याची मुभा कोणालाही असू नये, आणि हा नियम महाविद्यालयाच्या भिंतीपाशी न थांबता तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचावा. सुश्रुताच्या नावाने पुतळे उभारणे आणि पुरस्कार देणे सोपे आहे. त्याचा नववा अध्याय पाळणे कष्टाचे आहे. गोंदिया हा तर तळ्यांचा जिल्हा. तेथील पाण्यात कमळे आजही फुलतात, आणि त्यांच्या देठांपाशी सांगितलेला धडा अजून पुरा गिरवला गेलेला नाही.