कवडशातले सोने : रिचर्ड झिगमोंडी

दुपारी खिडकीच्या फटीतून माजघरात कवडसा पडला की हवेत नाचणारी धूळ दिसते. खरे तर ती खोलीभर असते, पण एरवी दिसत नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत अशा कणाला त्रसरेणू म्हटले आहे. याच रोजच्या अनुभवाच्या आधाराने रिचर्ड झिगमोंडी यांनी सोन्याच्या अदृश्य कणांचे माप काढले.

त्यांचा जन्म १ एप्रिल १८६५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील दंतवैद्य होते. ते १८८० साली वारले आणि आईने चारही मुलांना वाढवले. घरात गिर्यारोहणाचे वेड होते. थोरले बंधू एमिल त्यात नामवंत झाले, पण १८८५ साली आल्प्समधील मेज शिखरावर त्यांचा अंत झाला. डोंगरांची ओढ रिचर्डनाही होती. मन मात्र रमले ते रसायनशास्त्रात.

१८९७ साली ते जर्मनीतील येना येथे शॉट यांच्या काच कारखान्यात रुजू झाले. काचेत किंचित सोने मिसळले की ती माणकासारखी लाल होते. पाण्यातही सोन्याचा असाच लाल रंग आणता येतो. ते पाणी गाळणकागदातून जसेच्या तसे खाली उतरते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला त्यात काही दिसत नाही. मग सोने विरघळलेले म्हणावे की तरंगणारे? १८९८ च्या निबंधाच्या मथळ्यातच झिगमोंडींनी त्याला द्रावण म्हटले होते. इतरांनी आक्षेप घेतला. आता कसोटी त्यांच्याच म्हणण्याची होती.

१९०० साली त्यांनी कारखान्याची नोकरी सोडली व स्वतंत्र संशोधन सुरू केले. झाइस कंपनीतील भौतिकशास्त्रज्ञ हेन्री झीडेन्टोफ यांच्या साथीने त्यांनी अतिसूक्ष्मदर्शक तयार केला आणि १९०३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. युक्ती कवडशाचीच होती. प्रखर प्रकाश बाजूने सोडायचा आणि काटकोनातून पाहायचे. काळोख्या पार्श्वभूमीवर कण चमचमणारे ठिपके होऊन दिसू लागले. सोने विरघळलेले नव्हते. त्याचे सुटे कण होते.

ठिपका म्हणजे कणाचे चित्र नव्हे. त्यातून कणाचा घाट कळत नाही. म्हणून त्यांनी ठिपके मोजले. ठरावीक घनफळात किती कण आहेत ते मोजायचे. तेवढ्यात सोने किती हे आधीच ठाऊक असते. भागाकार केला की एका कणाचे वजन मिळते आणि सोन्याच्या घनतेवरून त्याचे आकारमान. साध्या सूक्ष्मदर्शकाची मजल सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत. हे सोन्याचे कण १० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे एक लाखावा भाग!

पुढे ते गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते प्रत्यक्ष दिले गेले १९२६ साली. २३ सप्टेंबर १९२९ रोजी गॉटिंगेन येथेच त्यांचे निधन झाले.

आज त्याच बाजूच्या प्रकाशाची जागा लेसरने आणि डोळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. घरच्या घरी करायच्या अनेक चाचण्यांच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघही पुष्कळदा अशाच सोन्याच्या कणांची असते. आपले आधीचे मत बाजूला ठेवून जे दिसेल ते मोजायचे, हा झिगमोंडींचा धडा त्या रेघेइतकाच ठळक आहे.