विश्लेषण : कंबरेत उसण का भरते? साडेतीनशे वर्षांपूर्वी हिशेब मांडणारे बोरेली

दहा किलोची पिशवी वाकून उचलताना कंबरेवर दहा किलोचाच भार येतो का? नाही, त्याच्या कितीतरी पट येतो. हे गणिताने दाखवणारे पहिले शास्त्रज्ञ म्हणजे इटलीचे जोव्हानी आल्फोन्सो बोरेली. जैवयांत्रिकीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

कोण होते बोरेली?

जन्म १६०८, नेपल्स. वडील स्पॅनिश सैन्यात. रोममध्ये गॅलिलिओचे शिष्य कास्तेल्ली यांच्याकडे ते गणित शिकले. मेसिना येथे आणि १६५६ पासून पिसा विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक होते. पिसात शरीरशास्त्रज्ञ माल्पिगी यांच्याशी मैत्री झाली आणि हा गणिती स्नायू-हाडांकडे वळला.

त्यांनी काय दाखवले?

थोड्या ताकदीत मोठे वजन उचलता यावे अशीच स्नायूंची रचना असते, असा तेव्हा समज होता. बोरेली यांनी तो उलटा केला. मणका हा तरफेचा टेकू. पाठीचे स्नायू त्याच्या अगदी जवळ, साधारण पाच सेंटीमीटरवर असतात. हातातली पिशवी मात्र ४० सेंटीमीटर पुढे. म्हणजे दहा किलोसाठी स्नायूंना ८० किलोइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. हा सगळा दाब मणक्यावर येतो.

शरीराच्या आकाराचा संबंध काय?

गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवले होते, की सगळी मापे दुप्पट केली तर वजन आठपट होते, हाडाचा छेद मात्र चौपटच. स्नायूंचेही तसेच, आणि त्यांची ताकद छेदावर ठरते. मोठ्या देहात स्नायू मणक्यापासून थोडे दूर असतात, त्याचा फायदा मिळतो. पण धडाचे वजनही लांबवर जाते. पोट सुटले असेल तर भार आणखी पुढे सरकतो. म्हणून धिप्पाड माणसाची पाठ मजबूतच असेल असे नाही.

शेवट कसा झाला?

१६७४ मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध कटाचा संशय आला आणि बोरेली रोमला गेले. स्वीडनची गादी सोडलेल्या राणी क्रिस्टिना यांनी आश्रय दिला. पुढे चोरीत चीजवस्तू गेली. अखेरची वर्षे त्यांनी एका धार्मिक संस्थेच्या शाळेत गणित शिकवत काढली. ३१ डिसेंबर १६७९ रोजी ते वारले. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्यांचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये छापून आला. तो त्यांना पाहता आला नाही.

आपल्यासाठी अर्थ काय?

वजन तेच असले तरी अंतर आपल्या हातात असते. तीच पिशवी अंगाजवळ, २० सेंटीमीटरवर धरली तर स्नायूंवरचा तिचा भार ८० वरून ४० किलोवर येतो. म्हणून आधी वजनाजवळ जा, ते पोटाशी घ्या आणि मगच उचला.