जोतीरावांचे मृत्युपत्र

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ च्या जुलैमध्ये आपले मृत्युपत्र केले, तेव्हा त्यांचा मुलगा यशवंत तेरा-चौदा वर्षांचा होता. मृत्युपत्र हा व्यवहाराचा कोरडा कागद. परंतु वयात येणाऱ्या मुलाविषयी पित्याला वाटणारी काळजी या कागदात जशी उतरली आहे, तशी ती क्वचितच कोठे आढळते.

यशवंत हा जोतीरावांचा औरस पुत्र नव्हे. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. तोच त्यांनी दत्तक घेतला आणि सावित्रीबाईंनी त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले.

जन्मतःच समाजाने नाकारलेल्या मुलाला घर देणे हे औदार्य खरे. पण तो मोठा झाल्यावर त्याचा हक्क टिकविणे अधिक अवघड होते. आपल्यामागे भाऊबंद वाटेकरी म्हणून उभे राहतील, हे जोतीराव ओळखून होते. ते स्वतः कंत्राटदारी केलेले गृहस्थ. लेखी कागदाचे मोल त्यांना ठाऊक होते. त्यांनी यशवंताला वारस ठरविले आणि भाऊबंदांचा हक्क नाकारला.

तथापि त्याच कागदात त्यांनी एक कठोर अटही घातली. यशवंत शिकला नाही वा उनाड निघाला, तर माळी, कुणबी, धनगर आदी जातींतील एखादा लायक मुलगा निवडून त्याला वारस करावे, अशी ती तरतूद होती. वरवर पाहता ही माया नव्हे, अविश्वास वाटेल. पण जन्माने मिळणाऱ्या अधिकाराविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या माणसाने स्वतःच्या मुलाला तरी त्यातून सूट कशी द्यावी? मुलाला संकटात आधार द्यायचा, परंतु आयते मोठेपण द्यायचे नाही, हेच त्यांच्या वात्सल्याचे स्वरूप होते.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. १८८९ मध्ये त्यांनी यशवंताचा विवाह सत्यशोधक पद्धतीने लावून दिला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. त्यांची भीती खरी ठरली. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या यशवंताच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनीच पुढे होऊन ते हाती घेतले.

यशवंत मात्र अटीला उतरला. पित्याने पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहून पुरा केलेला 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ त्याने १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्याने रुग्णांवर उपचार केले. त्या रुग्णांची सेवा करता करताच सावित्रीबाईंचा १० मार्च रोजी अंत झाला.

मुलांसाठी काय ठेवून जावे, या चिंतेत मध्यमवर्गीय आईबापांची उमेद खर्ची पडते. जोतीरावांनी मुलासाठी मिळकतीबरोबर एक अपेक्षाही ठेवली. यशवंताने अधिक जपले ते त्या अपेक्षेलाच.