पाण्याच्या थेंबातले प्राणी पाहणारे लेव्हेनहूक

आज मी तुम्हाला अंतोनी व्हान लेव्हेनहूक यांची माहिती सांगणार आहे. नाव अवघड आहे. मला ते तीनदा खोडून लिहावे लागले.

त्यांचा जन्म १६३२ साली हॉलंड देशात डेल्फ्ट गावी झाला. वडील टोपल्या विणायचे. अंतोनी पाच वर्षांचा असताना ते वारले. सोळाव्या वर्षी अंतोनी ॲमस्टरडॅम शहरात एका कापडाच्या दुकानात कामाला लागला. तिथे कापडाचे धागे भिंगातून मोजत असत. पुढे डेल्फ्टला येऊन त्याने स्वतःचे कापडाचे दुकान काढले. तो मोठ्या शाळेत कधी गेला नाही. त्याला फक्त डच भाषा येत होती.

लेव्हेनहूक यांना भिंगाचा नाद लागला. त्यांची भिंगे मण्यासारखी बारीक असायची. पितळेच्या दोन पत्र्यांमध्ये भिंग बसवायचे, बघायची वस्तू सुईच्या टोकावर ठेवायची आणि उजेडाकडे धरून अगदी डोळ्याला लावून बघायचे. अशी त्यांनी पाचशेच्या वर भिंगे केली.

१६७४ साली त्यांनी जवळच्या तळ्याचे हिरवट पाणी बाटलीत भरून घरी आणले. दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, थेंबात बारीक बारीक प्राणी! कोणी वर जातंय, कोणी खाली, कोणी गोल फिरतंय. पाणी स्थिर होते आणि प्राणी मात्र आपले आपण पळत होते. म्हणून ते जिवंत आहेत हे त्यांनी ओळखले. काहींना पायांसारखे बारीक केस होते. एका जातीला देठ होता आणि तो झटकन आखडायचा. ते केस वल्ह्यासारखे पाणी मागे ढकलतात आणि प्राणी पुढे जातो, असे गुरुजींनी सांगितले. काही जंतूंना तर लांब शेपटीसारखा धागा असतो. तो गरगर फिरतो आणि जंतू पुढे सरकतो. पण तो धागा लेव्हेनहूक यांना दिसला नव्हता, इतका तो बारीक असतो.

मिरी तिखट का लागते? तिला काटे असतील का? हे बघायला त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. काटे दिसले नाहीत, पण १६७६ साली त्या पाण्यात त्यांना त्याहून लहान जंतू दिसले. त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. तिथल्या विद्वानांना ते खरे वाटेना. कापडवाला माणूस आणि म्हणे थेंबात हजारो प्राणी! मग त्यांनी गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना ते दाखवले आणि त्यांच्याकडून तसे लिहून घेतले. १६७७ साली लंडनला रॉबर्ट हूक यांनी स्वतः मिरीचे पाणी करून बघितले. प्राणी दिसले! १६८० साली सोसायटीने लेव्हेनहूक यांना आपले सभासद करून घेतले.

१६८३ साली त्यांनी दातांमधला मळ काढून बघितला. तिथेपण वळवळ! हे ऐकल्यापासून आमच्या घरी मी सगळ्यांना दात घासायला लावतो. आजी रागावते, तिला दोनच दात आहेत.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. सगळ्यात चांगले भिंग कसे करायचे, हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही. १७२३ साली नव्वदाव्या वर्षी ते वारले. त्यांची मुलगी मारिया हिने त्यांची २६ सूक्ष्मदर्शक यंत्रे एका पेटीत घालून रॉयल सोसायटीला दिली. एवढ्या मोठ्या लोकांनी ती पेटी पुढे हरवली!

हॉलंडमध्ये उत्रेक्त गावच्या संग्रहालयात त्यांचे एक यंत्र आहे. त्यातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. २०२१ साली शास्त्रज्ञांनी ते न उघडता न्यूट्रॉनच्या झोताने आत पाहिले. ते भिंग घासून केलेले नव्हते. काचेची बारीक तार वितळवून तिचा मणी केला होता. ही रीत रॉबर्ट हूक यांनी पूर्वीच पुस्तकात छापलेली होती.

– इयत्ता ४ थी